दरबारी छायाचित्रकार लिंबाजी

एका जंगलात, बाळांनो, लिंबाजी नावाचा वानर राहायचा. जंगल फार जुनं होतं. म्हणजे तिथे कॅमेरे होते, पण दवाखाना नव्हता.

लिंबाजी देखाव्यांचे फोटो काढायचा. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचा आणि तेवढ्यात कॅमेरा मुद्दाम हलवायचा. झाडांसमोर खालून वर, तळ्यासमोर डावीकडून उजवीकडे. झाडांच्या हिरव्या रेघा व्हायच्या, पाण्याचं रेशीम व्हायचं. "वारा असाच पकडता येतो," तो म्हणायचा. दिसायचंही फार सुंदर.

त्याच जंगलात एक डोंगर होता. वाघमहाराजांनी तो आपल्या मेहुण्याला खडी फोडायला दिला होता. एका बाजूने तो पार पोखरून निघाला होता.

लिंबाजीने त्याचाही फोटो काढला. नेहमीसारखा, हलवून. त्यात खाण कुठेच नव्हती. नुसता जांभळट मऊ पट्टा.

"हा आपला डोंगर?" महाराजांनी विचारलं.

"हो, महाराज."

"किती शांत वाटतोय. आजपासून तू दरबारी छायाचित्रकार."

लगेच फर्मान निघालं. स्थिर फोटो मागासलेले ठरले. सगळ्यांचे ट्रायपॉड जप्त झाले.

डोंगराच्या पायथ्याशी गोदाक्का नावाची सशीण राहायची. ती एकदा लिंबाजीकडे आली.

"बिळाच्या वर भेग पडलीय रे. दरबारात पुरावा मागतात. एक साधा फोटो काढून दे. न हलवता."

"गोदाक्का, मी आता त्याच्या खूप पुढे गेलोय."

"भेगही पुढे गेलीय, बाबा."

शेवटी लिंबाजीने फोटो काढला, पण आपल्याच पद्धतीने. भेगेची छान नागमोडी रेघ आली. दरबाराने ती चौकटीत बसवून भिंतीवर टांगली.

पावसाळ्यात डोंगर खाली आला. गोदाक्का चरायला गेली होती. पिल्लं बिळात होती.

लिंबाजी धावत गेला. गोदाक्का चिखल उकरत होती. त्याने कॅमेरा काढला. आज सगळं जसंच्या तसं दिसायला हवं होतं. उजेड कमी होता, म्हणून शटर उघडं ठेवावं लागलं. त्याने कोपरं छातीशी घट्ट धरली, श्वास रोखला. पण हात थरथरत होते. फोटो हलला. पुन्हा काढला. पुन्हा हलला.

तोच घेऊन तो दरबारात गेला.

"महाराज, हा बिघडलाय. या ढिगाऱ्याखाली पिल्लं आहेत. ती दिसत नाहीत."

महाराजांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"तुझं आजवरचं सर्वोत्तम काम," ते म्हणाले आणि त्यांनी शाल मागवली.

लिंबाजीने ती खांद्यावर घेतली. बाहेर गारठाही होताच म्हणा.

तात्पर्य : बाळांनो, कॅमेरा सतत हलवत राहावा. तो स्थिर धरला, की डोंगर हललेला दिसतो.