बाईसाहेबांचं डोहाळजेवण

आमच्या गाडीला दिवस गेलेत हे आम्हाला पेट्रोलपंपावर कळलं. नेहमीप्रमाणे साधं पेट्रोल भरलं, झाकण लावलं, आणि बाईसाहेबांनी ते सगळंच्या सगळं ओकून टाकलं. पंपावरच्या मुलीने पाइप जागेवर अडकवला, बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ अंदाज घेतला आणि मला विचारलं, "मावशी, कितवा?"

बाईसाहेब म्हणजे आमची गाडी. काळी, लांबलचक, सहा सिलिंडरची, आतून सायीच्या रंगाची. माझे यजमान दिगंबर कापडणीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा जन्माची हौस म्हणून त्यांनी ती घेतली. हौस घेण्यापुरतीच होती. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पंच्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल घालावं असं स्वच्छ छापलेलं आहे. ह्यांनी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "टाकीत गेल्यावर सगळं सारखंच." त्या दिवसापासून साधं सुरू झालं. बाईसाहेबांनी कधी तक्रार केली नाही. घाटात जरा खोकायच्या, एवढंच.

ह्यांचं ते 'सगळं सारखंच' माझ्या चांगलं ओळखीचं होतं. आमच्या मृणालच्या वेळी मला हापूस खावासा वाटला होता. ह्यांनी तोतापुरी आणून पुढे ठेवला आणि म्हणाले, "पोटात गेल्यावर सगळं सारखंच." मी तो खाल्ला. विसरले मात्र नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या इंजिनिअरने बाईसाहेबांना आत नेलं, तपासलं आणि हात पुसत बाहेर आला. "अभिनंदन काका. सातवा लागलाय. फक्त हे वॉरंटीत बसत नाही."

"आणि ॲव्हरेज?" ह्यांनी विचारलं. "नऊचं चारवर आलंय!"

"येणारच. दोघांचं पितायत त्या. आता साधं बंद करा, प्रीमियम द्या. आणि स्पीडब्रेकर जपून."

घरी आलो. चहा घेताना हे म्हणाले, "पिंपळगावचे बोरस्ते आहेत ना, द्राक्षवाले, त्यांना मोठी गाडी हवीय. रविवारी बोलावतो. देऊन टाकू."

"अहो, अशा अवस्थेत?"

"त्यांना कशाला सांगायचं?"

मला इतका राग आला की मी कप तसाच ठेवून उठले. सातव्या महिन्यातली पोटुशी बाई, आणि हे तिला घराबाहेर काढायला निघाले होते, तेही न सांगता. "आधी तिचं डोहाळजेवण होईल," मी म्हटलं. "मग काय ते ठरेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम खुशीत आले. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, एकीत पेढा आणि दुसरीत बर्फी, आणि कशावर हात पडतो त्यावरून मुलगा की मुलगी ते सांगतात. ह्यांनी सुचवलं की आपण दोन झाकलेले कॅन ठेवू. एकात साधं, एकात प्रीमियम. बाईसाहेब प्रीमियमकडे वळल्या तर गाडी विकायची नाही आणि यापुढे कायम प्रीमियमच. साध्याकडे वळल्या तर बोरस्ते. मी कबूल केलं. "जन्मात दुसरं चाखलंय कुठे तिने," हे मिशीत हसत म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम झाला. सेक्रेटरी खैरनारांनी पाहुण्यांच्या जागा अडवू नयेत एवढ्या अटीवर परवानगी दिली आणि देखरेखीला स्वतः हजर राहिले. बॉनेटवर हिरवी साडी घातली, आरशांना फुलांचे दागिने बांधले, वायपरना गजरे माळले. डिकी उघडून ओटी भरली. सोसायटीतल्या बायकांची गाणी झाली. मग दोन कॅन झाकून ठेवले, मी हँडब्रेक काढला आणि आम्ही सगळे बाजूला झालो.

बाईसाहेब सावकाश निघाल्या. पहिल्या कॅनशी थांबल्या, दुसऱ्याशी थांबल्या, आणि दोन्हींच्या मधून सरळ पुढे गेल्या. पार्किंगच्या कोपऱ्यात आमचे शेजारी टिल्लू यांची विजेवर चालणारी छोटी गाडी चार्जिंगला लावलेली होती. टिल्लू तिला बाब्या म्हणतात. बाईसाहेब बाब्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, बंपरला बंपर टेकवला आणि त्यांनी दोन्ही इंडिकेटर लावले. बाब्याचा हिरवा दिवा लाल झाला.

 मग सगळ्या बायका एकदम टिल्लूंकडे बघायला लागल्या.

टिल्लू बँकेत होते; आयुष्यात त्यांच्याकडे असं कुणी पाहिलेलं नव्हतं. "मी चार्जिंगला लावतो आणि वर जातो," ते म्हणाले. "पुढचं मला काही ठाऊक नाही."

"दोन गाड्यांमध्ये अडीच फूट अंतर ठेवावं असा नियम आहे," खैरनार म्हणाले.

"ते ठेवलं होतं."

"मोजताना ठेवलं असेल."

टिल्लूंचे कान तापले, पण माणूस सरळ. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "बाब्या हात वर करणारा नाही. जे होईल ते आमचं आहे. लागेल ते चार्जिंग माझ्या मीटरवर." बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

ह्यांचे नाही आले. "पण तिने प्रीमियम निवडलेलं नाही," हे खाली वाकून कॅन उचलत म्हणाले. "बोरस्ते उद्या येणार."

बोरस्ते आले. तरुण, उमदा माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, टायरवर बुटाने ठोकून पाहिलं. हे बॉनेटवर हात ठेवून मालकाच्या थाटात उभे होते. मी जिन्यात उभी होते. खाली जाऊन काही बोलावं तर शब्द दिलेला, न बोलावं तर जीव राहीना.

"काका, ॲव्हरेज किती देते?" बोरस्त्यांनी विचारलं.

ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात बॉनेटला आतून लाथ बसली. लहानशीच. मला जिन्यातून दिसली. ह्यांनी हात उचलला, पाहिला, पुन्हा तिथेच ठेवला. दुसरी बसली.

हे बोरस्त्यांकडे वळले. मग जरा जोरातच म्हणाले, "अहो, दोन जिवांची आहे ती. तिला काय ॲव्हरेज विचारता?"

बोरस्ते ओशाळले. "माफ करा काका. एवढ्या लांब गाडीत पटकन लक्षात येत नाही." त्यांनी आपल्या गाडीतून द्राक्षांची पेटी आणली, बाईसाहेबांच्या डिकीत ठेवली आणि नमस्कार करून गेले.

त्याच दुपारी हे स्वतः बाईसाहेबांना घेऊन पंपावर गेले. मी शेजारी होते. "साधं?" त्या मुलीने विचारलं. "प्रीमियम," हे म्हणाले. "आणि पाइप हळू धर. एकदम नको." बाईसाहेबांनी थेंबही टाकला नाही. परतताना चढावर एकदाही खोकल्या नाहीत.

मे महिन्यात बाळ झालं. पांढरं, सुबक, चार दारांचं. पेट्रोलही पितं आणि विजेवरही चालतं. खैरनारांनी त्याला आई आणि बाब्यामधली अडीच फुटांची जागा दिली आहे, सध्या पुरते. ॲव्हरेज अठ्ठावीस. हे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात, "आजोबांवर गेलंय." बाईसाहेब सगळं ऐकतात आणि स्वतः अजून चारच देतात. आता का, तर बाळंतीण आहे म्हणून. हे मुकाट्याने भरतात.

काल पंपावरून येताना ह्यांनी मी न सांगता फळवाल्यापाशी गाडी थांबवली. हापूसची पेटी घेतली, भाव केला नाही, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.  

घरी येऊन मी एक कापला. हे ताटली घेऊन समोर बसले. घरात लोणच्याला आणलेला एक तोतापुरी होता. मी तो चिरून त्यांच्या ताटलीत वाढला.

ह्यांनी तो खाल्ला.