गुडमॉर्निंग काळा कसा झाला

“आता मी जा सांगतलंय, ता तुमका खरां वाटूचा नाय,” बाबाजी म्हणाला, “पण हो तोच कोंबो. फक्त रंग बदललो.”

समोर चटईवर दुसरीचा वर्ग बसला होता. निम्मी मुले आसपासच्या मांद्रे-तुये गावांतली, निम्मी सातासमुद्रापलीकडची. बाबाजीच्या मांडीवरच्या टोपलीतून एक काळाकुळकुळीत कोंबडा मान बाहेर काढून फळ्याकडे बघत होता. शुक्रवारी शाळेने घरी पाठवलेला कोंबडा पिकल्या काजूच्या बोंडूसारखा तांबडा होता, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होते. सिद्धी टीचरला ठाऊक होते. आणि पहिल्या ओळीत मांडी घालून गप्प बसलेल्या क्षमाला, म्हणजे बाबाजीच्या नातीलाही ठाऊक होते.

तिचे गप्प बसणे हेच सगळ्या भानगडीचे मूळ. घरी या पोरीच्या तोंडाला खीळ नसे, पण जूनपासून या इंग्रजी-मराठी आंतरराष्ट्रीय इस्कोलात जायला लागली, तशी वर्गात तिने एक अक्षर उच्चारले नव्हते. दोन भाषांची शाळा आणि पोर दोन्ही भाषांत मुकी! वर्गाचा नियम असा, की एका भाषेत बोललेले लगेच दुसऱ्या भाषेतही सांगायचे, म्हणजे कोणी मागे राहत नाही. क्षमाचे मौन तेवढे भाषांतराशिवाय सगळ्यांना कळायचे.

“आजोबा,” डिचोलीच्या सिद्धी टीचरने बाबाजीला बाजूला घेऊन सांगितले होते, “मोठे सर म्हणतात, आता बोलली नाही तर तिला खालच्या वर्गात बसवू. पण मी बघते ना, आमच्या कोंबड्याच्या कानात ती रोज काहीतरी सांगत असते. ह्या शनिवार-रविवारी तो तुमच्याकडे पाठवते. सोमवारी त्याच्याबद्दल वर्गासमोर दोन वाक्ये बोलली तरी पुरे.”

कोंबड्याचे नाव गुडमॉर्निंग. मुलांनी हात वर करून ठरवलेले. कोणी ‘गुडमॉर्निंग’ म्हटले की तो आरवायचा. दर शुक्रवारी तो एका मुलाच्या घरी मुक्कामाला जाई. बरोबर पिंजरा, ओट्सची पिशवी आणि दिनक्रम लिहिलेली वही. पायात तांबडी रिबन, कारण तो तांबड्या गटाचा.

आता बाबाजीच्या बायकोचा, शेवंतीचा, शाळेच्या उपायावर विश्वास होता. पण एकट्या शाळेवर नव्हता. तिने परस्पर घाडी शिवदासला गाठले. रविवारी घाडीने गावची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणे घालून कोंबडा द्यायचा आणि पोरीचे तोंड उघडून घ्यायचे. कोंबडा इब्रामपूरहून ओळखीचा शांताराम शनिवारी आणणार होता.

“मानाचो कोंबो मी ओळखूचो कसो, वयनी?” शिवदासने विचारले होते.

“पायाक तांबडो धागो आसतलो.”

झाले! इतकेच बोलणे. शनिवारी शांताराम आलाच नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता वहीतल्या दिनक्रमाप्रमाणे गुडमॉर्निंगची मोकळ्या हवेची वेळ झाली. क्षमाने त्याला रिबनीला दोरी लावून ओसरीच्या खांबाला बांधले.

“आजो, बघा हां. मी चाय पिऊन येतंय.”

“चेडवा, तुयेच्या फॅक्टरीत तीस वर्सां मशिनीर लक्ष ठेवलंय मी. एक कोंबो म्हणजे काय गो!”

तेवढ्यात फाटकाशी पदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला. पाव घेता घेता बाबाजीने पदेराला तीस वर्षांतली एक गोष्ट सांगायला घेतली: अख्खी मशीन पेटली तेव्हा आपण ती नुसत्या फुंकरीने कशी विझवली. गोष्ट संपली तेव्हा पाव निवले होते आणि खांब रिकामा होता. बाबाजीला वाटले, क्षमाने पिंजऱ्यात नेला. क्षमाला वाटले, आजोने नेला. परसातून मागच्या मागे शिवदास येऊन कोंबडा घेऊन गेल्याचे शेवंतीने तेवढे ऐकले. तिला वाटले, शांतारामने उशिरा का होईना कोंबडा आणून बांधला, आणि तिने हात जोडले.

दुपारी वडे-सागोती. शिवदासने देवाला दाखवून, सोलून आणून दिलेला मानाचा कोंबडा, म्हणून अर्धी वाडी पंगतीला. बाबाजीने तंगडी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

“शेवंते, आसलो कोंबो जन्मात खावक नाय! शांतारामान तेका बदाम चारल्यान की काय?”

आणि फाटकात स्कूटर वाजली. शांताराम उतरला. त्याच्या पिशवीतून काळा कोंबडा मान काढून बघत होता.

“माफी करा हां वयनी, काल गाडी बंद पडली. घाडी इलो नाय मां अजून?”

घाडी पंगतीत तिसऱ्या पानावर होता. त्याचा घास हातातच राहिला.

“मगे हो खंयचो?” शेवंतीने टोपाकडे बोट दाखवले.

“खांबाक बांधलेलो,” शिवदास म्हणाला. “पायाक तांबडो धागो. मी धागो बघतंय, वयनी. कोंब्याक नाव विचारीत नाय.”

बाबाजीच्या शेजारच्या पानावर क्षमा बसली होती. तिने आजोच्या हातातल्या हाडाकडे पाहिले, मग आजोकडे पाहिले.

“गुडमॉर्निंग पिंजऱ्यात न्हिदलो आसा गो,” बाबाजी घाईघाईने म्हणाला.

क्षमा काही बोलली नाही. पान संपवून उठली, तेव्हाही नाही. चार वाजता नाही, पाच वाजता नाही. आजवर पोर फक्त शाळेत गप्प असे. आता घरातही तिची वाचा गेली! बाबाजीने स्कूटर काढली आणि तांबड्या कोंबड्यासाठी मांद्रे पालथे घातले, तुये पालथे घातले. एक मिळाला तो खुडूक कोंबडी निघाली. दुसरा तांबडा होता, पण त्याने बाबाजीला विहिरीपर्यंत पिटाळले. दिवेलागणीला रिकाम्या हाताने घरी येतो तर मोबाईलवर सिद्धी टीचर: ‘गुडमॉर्निंग कसा आहे? फोटो पाठवा ना!’ बाबाजीने शनिवारचाच फोटो पाठवला. उलट तीन बदामांची चित्रे आली. तिन्ही त्याच्या काळजात रुतली.

“खरां सांगून मोकळे व्हा,” शेवंती म्हणाली.

“काय सांगू? पोरीचा तोंड उघडूचा म्हणान पोरीच्या दोस्ताक जेवलो?”

म्हणून सोमवारी सकाळी शांतारामचा काळा कोंबडा तांबड्या गटाच्या चटईसमोर आला, आणि बाबाजीच्या जन्मभराच्या कसबाची परीक्षाही.

“काय झाला,” बाबाजी सांगत होता आणि सिद्धी टीचर वाक्यावाक्याला इंग्रजी करत होती, “आयतवारी आमचो राखणदार स्वतः दारात इलो. खांद्यार घोंगडी, हातात काठी. म्हणालो, ‘बाबाजी, किनाऱ्यावरच्या पार्ट्यांच्या गाण्यांनी माका राती न्हीद नाय, सकाळी जाग नाय. तुझो कोंबो एक रात दी.’ देवाक नाय कसा म्हणू? मगे गुडमॉर्निंग रातभर तेच्यावांगडा गावची शीव फिरलो. आणि रात अशी दाट, अशी दाट, की ती तेच्या पिसांक चिकाटली. तीन पाण्यांनी धुतलंय. जायना!”

मुलांचे डोळे बशीएवढे झाले. बाबाजीला जरा धीर आला. तेवढ्यात सोनेरी केसांच्या एका मुलीने हात वर केला. टीचरने तिचे मराठी केले: “ती विचारते, मग पाय पिवळेच कसे राहिले?”

“राखणदारान आपल्या वहाणा दिल्यान तेका!” बाबाजी म्हणाला. “पाय झाकलेले. रात लागतली कशी?”

“गुडमॉर्निंग!” मागच्या ओळीतून कोणीतरी ओरडले. मग सगळा वर्गच ओरडला, “गुडमॉर्निंग!” आणि कोंबड्याकडे बघत राहिला.

कोंबड्याने डोळा मिटला, उघडला. आरवला नाही.

“दमलोहा,” बाबाजी म्हणाला. “रातभर चाललो मां. आणि राखणदारान तेका सांगितल्यान आसा, की सात दिवस...”

पहिल्या ओळीत क्षमा उभी राहिली.

सिद्धी टीचरचा हात हवेतच थांबला. क्षमाने खिशात हात घातला, हळदीचे डाग पडलेली एक तांबडी रिबन काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

“आजो, फटी मारतास!” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “राखणदार कोण येवक नाय. गुडमॉर्निंगाची सागोती झाली. तंगडी तुमी खाल्लास, काळीज माका दिलास!”

बाबाजीने टोपलीवर फडके ओढले. सिद्धी टीचरला भाषांतर सुचेना. तिचे डोळे भरून आले होते आणि ते कोंबड्यासाठी नव्हते. पण नियम म्हणजे नियम. क्षमा सोनेरी केसांच्या मुलीकडे वळली आणि तिला नीट कळावे म्हणून सावकाश म्हणाली, “ग्रँडपा इज लाइंग. वुई एट हिम. विथ वडे.”