सबनीसचं फ्रेंच गाव

सबनीस पाव कानाला लावून विकत घेतो. न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनच्या सुपरमार्केटात, भर शनिवारच्या गर्दीत, तो लोफ हळूच दाबतो, डोळे मिटून ऐकतो आणि शेजारच्या अनोळखी बाईला दुःखानं सांगतो, "डेड." ताजा पाव दाबला की कुरकुरायला हवा म्हणे. माझ्या लेकीनं हे एकदा पाहिलं. तेव्हापासून तो लांबून दिसला तरी ती म्हणते, "बाबा, रन!"

हा मनुष्य मूळचा साताऱ्याचा. चीजच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा इंजिनीअर. मीही तिथलाच, दोन टेबलं पलीकडचा. २०१५ च्या सुमारास कंपनीनं त्याला नवी यंत्रं शिकायला दोन महिने फ्रान्समधल्या एका खेड्यात पाठवलं. गेला तेव्हा बरा होता. परतला तो प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या गावात" अशी करत.

"तुमचं गाव सातारा ना?" मी विचारलं.

"जन्मानं," सबनीस म्हणाला.

आमच्या गावात टोमॅटो थंडीत कुणी खात नाही. आमच्या गावात घेवडा पिकवणाऱ्याचं नाव विचारूनच घेवडा घेतात. आमच्या गावात बाराची घंटा झाली की दुकानं बंद आणि दोन तास जेवण. पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवलं की तो माज, आणि फ्रान्समध्ये ठेवलं की संस्कृती!

दिवाळीच्या पॉटलकला बायकांनी मसालेभात आणला, श्रीखंड आणलं. सबनीसनं कागदात गुंडाळलेलं एक चीज आणलं. यजमानीणबाईंनी दहा मिनिटांत ते गॅरेजमध्ये हलवलं. सबनीसही त्याच्यामागोमाग गेला आणि खुर्च्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याची वंशावळ सांगत उभा राहिला.

"अहो पेठे, घाई नको. त्या डोंगरावरचं गवत जिभेला कळू द्या."

माझ्या जिभेला फक्त ओले मोजे कळले.

लग्न केलेलं नाही, घरी वाट पाहणारं कुणी नाही, त्यामुळे लोकांना पिडायला वेळच वेळ. फ्रान्सच्या आधीपासूनच साडेबाराला तो डबा उघडून मला हाक मारायचा, "या पेठे, बसा की." मी म्हणायचो, "आज जरा घाई आहे," आणि माझा डबा घेऊन पार्किंगमध्ये जायचो. गाडीत बसून पोळीभाजी खायचो. पाऊस असला तरी.

मग २०१८ मध्ये त्याच यंत्रांसाठी त्याच खेड्यात जायची पाळी माझ्यावर आली. सबनीसनं चार पानांची यादी दिली. ती मी विमानतळावरच टाकली. मला त्याचं पितळ उघडं पाडायचं होतं.

आणि पडलंच! एक रस्ता, कायमचं बंद झालेलं पोस्ट, रस्त्यात झोपलेली दोन कुत्री. व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचा खवचट मेसेजही मी मनात तयार केला. बाराला गावातल्या एकुलत्या एक खाणावळीत शिरलो आणि कोपऱ्यातलं एकट्याचं टेबल शोधू लागलो.

तसं टेबलच नव्हतं. सगळी टेबलं जोडून एकच पंगत. मालकीणबाईंनी माझा दंड धरला आणि ट्रॅक्टरवाल्या दोघांच्या मध्ये बसवलं. समोरच्या म्हाताऱ्यानं न विचारता माझ्या ताटात पाव ठेवला. पांढऱ्या घेवड्याची घट्ट उसळ आली. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला. घेवडा त्याच्या शेतातला होता. मान्य करायला जिवावर येतंय, पण उसळ फार चांगली होती.

"न्यूझीलंड," मी कुठला ते सांगितलं.

"सबनी!" अख्खं टेबल ओरडलं.

मालकीणबाई हात पुसत जवळ आल्या. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण प्रत्येक शब्द कळत होता. "कसा आहे तो? पहिल्या दिवशी इथे बसला आणि रडला. आम्ही घाबरलो. मग म्हणाला, काही नाही, तिकडच्या मित्राची आठवण आली. तिकडे रोज दुपारी आम्ही दोघं बरोबर जेवतो, म्हणाला." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पेते. तुम्हीच का पेते?"

सगळ्यांचे चमचे थांबले. माझ्या तोंडात घास होता.

"हो," मी म्हणालो. "रोज."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आम्हाला त्याची काळजी वाटायची." आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी उसळ वाढली.