गिटारीतला तज्ज्ञ

"नवी गिटार घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे," कानिफनाथ म्हसे आपल्या मुलीला म्हणाला. "नव्या लाकडाला मुरायलाच दहा वर्षं लागतात. आपण जुनी बघू. मी स्वतः पारखून घेतो."

सृष्टीनं लगेच मान डोलावली. ती अकरावीत होती आणि इतर बाबतींत बापाचं एकही म्हणणं तिला पटत नसे, पण गिटारीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता. राहुरीच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा आपला बाप कॉलेजात असताना गॅदरिंगमध्ये गिटार वाजवायचा, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

खरं म्हणजे कानिफनाथनं गिटार कधी हातातसुद्धा धरली नव्हती. सृष्टी चार वर्षांची असताना टीव्हीवर कुणीतरी गिटार वाजवत होतं, ते बघून "मीपण वाजवायचो" असं तो सहज बोलून गेला. थाप छोटीशी होती. पण मुलीबरोबर तीही वाढत गेली. सृष्टी तिसरीत गेली तेव्हा त्या गिटारीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ती सातवीत असताना परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मागे फिरायला जागाच उरली नव्हती.

मोबाईलवर श्रीरामपूरची एक जाहिरात सापडली. 'जुनी गिटार विकणे आहे. बरंच काम निघेल.' फोटोत गिटारीच्या चार तारा गायब होत्या. कानिफनाथनं तीन दिवस मोबाईलवर गिटार दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले, आणि जितकं बघितलं तितका त्याचा धीर सुटत गेला. शेवटी त्यानं कॉलेजातल्या जुन्या दोस्ताला, हनुमंताला फोन लावला.

"मला गिटारीतलं काय कळतंय?" हनुमंत म्हणाला. "माझं खताचं दुकान हाय."

"तुला कळायची गरजच न्हाई. मी तिथून व्हिडिओ कॉल लावतो. तू नगरचा संगीतवाला सर. मी जे दाखवीन त्याला नाक मुरडायचं, म्हंजी भाव उतरंल."

"आन् मला काय खासगीत बोलायचं असलं तर?"

"मी कॅमेऱ्यावर हात ठिवीन. पडद्यावर अंधार दिसला का समजायचं, मी बाजूला एकटाच हाय. मग बोल बिनधास्त."

रविवारी दुपारी बापलेक एसटीनं श्रीरामपूरला उतरले. गिटारीचे मालक सुनील त्रिभुवन चर्चच्या मागच्या गल्लीत राहत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत गृहस्थ. चाळीस वर्षं त्यांनी चर्चमधल्या गाण्यांना गिटारीची साथ केली होती. त्यांच्या बायकोनं, कडूबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या दाराशी उभ्या राहून कानिफनाथकडे फार आशेनं बघू लागल्या.

"माझे पप्पा स्वतः वाजवायचे," सृष्टीनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. "कॉलेजला पहिला नंबर होता त्यांचा."

"अरे वा," सुनीलभाऊ म्हणाले, आणि त्यांनी गिटार अलगद कानिफनाथच्या मांडीवर ठेवली. ती उलटी आहे हे कानिफनाथच्या लक्षात आलं नाही. सुनीलभाऊंनी काही न बोलता ती सरळ करून दिली.

कानिफनाथनं घसा खाकरला. "मान जरा वाकडी वाटते."

"जरा नाही, चांगलीच वाकडी आहे," सुनीलभाऊ म्हणाले.

कानिफनाथ गडबडला. व्हिडिओत विकणारा माणूस असं बोलत नसे. "खुंट्यापण गंजल्यात."

"दोन तर फिरतच नाहीत. आणि ही पट्टी बघा, तारा अडकवतात ती. एका बाजूनं उचलली गेलीय, कधीही निघेल. मानेवरचे धातूचे पडदेही झिजलेत. माझं ऐकाल तर मुलीला नवीच घेऊन द्या."

"अवो, गिऱ्हाईक आलंय न्हवं!" कडूबाई दारातून म्हणाल्या.

"खोटं कसं सांगू?" सुनीलभाऊ म्हणाले.

या शब्दावर कानिफनाथ उगाचच दचकला. घासाघीस करायला समोरून थोडा तरी विरोध लागतो. इथे भाव पाडायला यावं, तर मालकच वस्तू पायदळी तुडवत होता. सृष्टी मात्र त्या जुनाट, काळवंडलेल्या लाकडावरून हळूच बोटं फिरवत होती. तिला गिटार आवडली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. कानिफनाथनं शेवटचा उपाय म्हणून हनुमंताला फोन लावला.

"नगरचे आमचे एक तज्ज्ञ सर आहेत," तो सुनीलभाऊंना म्हणाला. "त्यांचं मत घेतो."

स्क्रीनवर हनुमंत झळकला. त्यानं इस्त्रीचा झब्बा घातला होता. मागे खताची पोती दिसू नयेत म्हणून बांधलेली चादर एका कोपऱ्यातून सुटली होती.

"नमस्कार," हनुमंत जड आवाजात म्हणाला. "दाखवा वाद्य. हं. मान वाकडी आहे. फार वाकडी. आता मागून दाखवा. मागूनही मान वाकडी आहे." मग भूमिकेत रंग भरत तो म्हणाला, "आतून दाखवा. खरं लाकूड आतून कळतं."

कानिफनाथनं मोबाईल गिटारीच्या पोटावरच्या गोल भोकावर धरला. उरलेल्या दोन तारा एका कडेला होत्या, बाकी भोक मोकळंच होतं. तो आणखी वाकला, हाताला घाम आला होता, आणि मोबाईल सुळकन आत गेला. धब्ब असा आवाज झाला.

मग गिटार बोलू लागली.

"हां, झाला अंधार. गेलास का बाहीर? बरं झालं. आरं कान्या, 'मान वाकडी, मान वाकडी' म्हनून माझं तोंड दुखाय लागलं. गिटारीला मान असती ह्येच मला आज कळलं!"

पोकळ लाकडात हनुमंताचा आवाज घुमून असा भरदार झाला होता की शेजारच्या घरातही शब्द न् शब्द गेला असावा. गिटारीत बाकी काहीही बिघाड असो, तिचा आवाज उत्तम होता, याबद्दल आता कुणालाच शंका उरली नाही.

कानिफनाथ जोरजोरात खोकू लागला.

"खोकू नगंस, ऐक. म्हाताऱ्याला सांग, लाकूड किडलंय. फुकाट सोडंल. लई साधा दिसतोय."

कानिफनाथनं गिटार उलटी करून गदागदा हलवली. मोबाईल आत इकडून तिकडे आपटला, पण बाहेर येईना. हनुमंताचा आवाज तेवढा एकदा जवळून, एकदा लांबून येऊ लागला.

"आन् काय रं, पोरीला अजून खरं वाटतंय व्हय, तू गिटार वाजवायचास? लेका, गॅदरिंगला तू पडदा वढायचास! त्योबी एकदा आर्ध्यात आडाकला हुता!"

कानिफनाथनं तारांजवळच्या पट्टीला धरून शेवटचा हिसका दिला. कडाड्कन पट्टी निघाली आणि त्याच्या हातात आली. दोन्ही तारा सैल होऊन लोंबू लागल्या.

सृष्टीनं त्याच्या हातातून गिटार घेतली. तिचा चेहरा लाल झाला होता. भोकातून हात घालून तिनं मोबाईल बाहेर काढला आणि तोंडासमोर धरला.

"काका, मी सृष्टी. आम्ही सगळे इथंच आहोत."

पलीकडे हनुमंतानं आधी सुटलेली चादर खोचली. मग हनुमंत पुन्हा जड आवाजात म्हणाला, "नमस्कार बाळ. मी नगरहून बोलतोय. वाद्य उत्तम आहे." आणि फोन बंद झाला.

कानिफनाथला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. पण त्या घरात शहाबादी फरशी होती आणि ती चांगली पक्की बसवलेली होती. तो तुटलेली पट्टी हातात धरून उभा राहिला. कडूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, रडू आवरायला की हसू, ते कळत नव्हतं.

"म्हणजे," सुनीलभाऊ शांतपणे म्हणाले, "पडद्यांचा अनुभव आहे तुम्हाला."

"मी ही गिटार घेतो," कानिफनाथ म्हणाला. "तुम्ही म्हणाल त्या किमतीला."

"आधी ती पट्टी चिकटवू. बसा." सुनीलभाऊंनी आतून डिंकाची बाटली आणली, जुनी जागा घासून साफ केली, डिंक लावला, पट्टी बसवली. ते करताना त्यांची बोटं नीट वळत नव्हती. सांध्यांना गाठी आल्या होत्या. "आता दोन्ही तळव्यांनी दाबून धरा. हलायचं नाही. मी सुताराकडून शिकंजा घेऊन येतो, मग तो आवळून ठेवू. सुतार दोन गल्ल्या पुढं राहतो." आणि ते सायकल काढून गेले.

कानिफनाथ गिटारीवर दोन्ही तळवे दाबून बसला. नाकाला खाज सुटली, ती सोसली. हात मोकळे असते तर त्यानं मोबाईल काढून त्यात तोंड खुपसलं असतं, चप्पल शोधली असती, निदान पाणी तरी मागितलं असतं. आता फक्त समोर बघणं शक्य होतं, आणि समोर सृष्टी बसली होती.

"मी कॉलेजात सांगितलंय सगळ्यांना," ती खाली बघत म्हणाली. "गॅदरिंगला नावसुद्धा दिलंय. माझे पप्पा शिकवणारेत म्हणून."

कानिफनाथच्या मनात दोन-तीन सबबी येऊन गेल्या. हनुमंताला विसरायचा आजार आहे, ही त्यातली एक. पण गिटारीवर हात दाबून धरलेले असताना खोटं बोलायला त्याला जमेना.

"मला येत नाही गं," तो म्हणाला. "कधीच येत नव्हतं. तू लहान होतीस, टाळ्या वाजवल्यास, मला बरं वाटलं. मग सांगायचं राहून गेलं."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

उठून सृष्टीनं त्याच्या हातांशेजारी आपला एक तळवा दाबून धरला. "इकडून उचलतेय," ती रागानंच म्हणाली. "नीट धरा."

कडूबाई चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. "भाऊ, तुमी लई मनाला लावून घिऊ नका," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "आमचंबी काय धड न्हाई. जाहिरात मी टाकलीया, भाचीकडनं. त्येंला इकायचीच न्हाई."

"मग?"

"बोटं गेली त्येंची. रोज सांजच्याला ही मांडीवर घिऊन बसत्यात. वाजवत न्हाईत, नुस्तं बसत्यात, मयताशेजारी बसल्यावानी. म्हनलं, यक तर वाजू दे, न्हाई तर जाऊ दे. तुमच्या आधी चार गिऱ्हाइकं आली. चौघांलाबी ह्येंनीच खोडी सांगून लावून दिलं. त्या दोन खुंट्या फिरत न्हाईत म्हनं! मागच्या म्हयन्यापत्तुर चांगल्या फिरत हुत्या. ह्येंनीच त्यात काय तरी भरलंय."

शिकंजा घेऊन सुनीलभाऊ दारात उभे होते. शेवटची दोन वाक्यं त्यांनी ऐकली होती. त्यांचे कान लाल झाले.

"मेण आहे," ते हळूच म्हणाले. "निघतं."

घरातले दोन्ही पुरुष एकमेकांकडे बघायचं टाळत शिकंजा आवळू लागले. फेरे कुठल्या बाजूला द्यायचे हे दोघांनाही माहीत होतं, तरी दोघंही एकमेकांना विचारत होते.

"इकायचं बिकायचं नंतर बघू," शेवटी कडूबाईंनीच निकाल दिला. "गिटार हितंच ऱ्हाईल. पोरगी दर रईवारी यील. हे शिकवतील. तुमी तारा आना."

पुढच्या रविवारी कानिफनाथनं तारा आणल्या. खुंट्या फिरल्या, मान थोडी सरळ झाली. सुनीलभाऊंची बोटं वळत नसली, तरी सृष्टीची बोटं धरून कुठल्या तारेवर ठेवायची हे त्यांना अचूक सांगता येई. तिसऱ्या आठवड्यात तिला तीन सूर एकत्र धरता येऊ लागले. ती वाजवू लागली की कडूबाई हातातलं काम टाकून ऐकत बसत.

कानिफनाथ कोपऱ्यात बसून असायचा. एकदा सृष्टी वाजवायची थांबल्यावर त्याच्या तोंडून सवयीनं "वा! लागला सूर!" असं निघून गेलं.

"तार तुटलीय, पप्पा," ती म्हणाली.

"मला कळत नाही," तो पटकन म्हणाला, आणि त्याला बरंच हलकं वाटलं.

"नुसतं बसून काय करता?" सुनीलभाऊ म्हणाले. "या, तुम्हीपण बसा शिकायला."

त्यानं हो-नाही केलं, पण बसला. आता दर रविवारी आधी सृष्टीची पाळी असते, मग त्याची. त्याची बोटं जाड आहेत, एका तारेवर ठेवलं की शेजारच्या दोन दबतात, आणि महिना झाला तरी पहिलाच सूर चालू आहे.

सृष्टी वाजवत असते तेव्हा घराचं दार सताड उघडं असतं, येणारे-जाणारे थांबून ऐकतात. मग सुनीलभाऊ गिटार कानिफनाथच्या मांडीवर ठेवतात, तो घाम पुसून बोटं जुळवू लागतो, आणि कडूबाई कुणालाही न दुखवता, अगदी सहज काही काम आठवल्यासारख्या उठतात, आणि दार लोटून घेतात.

"शेजारी आजारी मानूस हाय," त्या म्हणतात.

कानिफनाथ मान खाली घालतो आणि वाजवायला लागतो.