मागच्या बाकावरची तीन पेनं

"या की खुशाल! मी काय तुम्हाला घाबरते?" विज्ञानाच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, आणि पहिला नंबर त्यांचाच लागला.

मुख्याध्यापिकांची योजना साधी होती. एकाने शिकवायचं, तिघांनी मागे बसून फक्त मुलांकडे पाहायचं, नंतर चहा पिता पिता बोलायचं. त्याने म्हणे शिक्षकांचा आत्मविश्वास वाढतो!

मंगळवारी बाई वर्गात शिरल्या. शेवटच्या बाकावर गणिताचे सर, भूगोलाच्या बाई आणि बाकात न मावणारे खेळाचे सर. तिघांच्या हातात पेनं! फक्त मुलांकडे पाहणार म्हणे! सोळा वर्षांची अब्रू आज चव्हाट्यावर येणार!

"आम्लात निळा लिटमस लाल होतो," बाई म्हणाल्या.

तिन्ही पेनं एकदम हलली.

चुकलं की काय? सोळा वर्षं शिकवलेलं वाक्य बाईंना परक्याचं वाटू लागलं.

"म्हणजे... लाल निळा होतो."

पेनं धावायलाच लागली.

"नाही, नाही! निळा निळाच राहतो!"

खेळाच्या सरांनी पान उलटलं! बाईंच्या हातातला खडू मोडला.

"बाई," तिसऱ्या बाकावरची झोपाळू मुलगी उठली, "मग नक्की काय होतं?"

"तुला काय वाटतं?" बाईंनी कसंबसं विचारलं. त्यांना खरंच माहिती हवी होती.

वर्गात तीन तट पडले. भांडण जुंपलं. "अरे, बुडवून बघा ना!" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खा वर्ग टेबलाभोवती. कागद आम्लात पडला, लाल झाला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

चहाच्या वेळी गणिताच्या सरांनी वही उघडली. बाईंनी कप दोन्ही हातांनी धरला.

"दहा पाच: तिसऱ्या बाकावर जांभई. दहा सात: जांभई अर्ध्यात थांबली. दहा पंधरा: एकही मूल जागेवर नाही."

"मुद्दाम चुकलात ना?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "काय युक्ती हो! आम्हालाही शिकवा."

म्हणजे खरंच मुलांकडेच पाहत होते! बाईंना भरून आलं. इतक्या भल्या माणसांपाशी खरं बोलायला काय हरकत आहे?

"युक्ती कसली! मी घाबरले होते."

तिन्ही पेनं हलली.

"म्हणजे... नव्हते घाबरले!"