मनोहरबाबूची घोडी

आमच्या शेजारचे मनोहरबाबू पुस्तकाशी भांडतात. माणसाशी नाई भांडत. दुधात पाणी आलं तरी गप राह्यतात, कोणी कंपाउंडले गाडी घासून गेला तरी "जाऊ द्या" म्हणतात. पण चार वाजले, चहा झाला, का वऱ्हांड्यात खुर्ची टाकाची, पुस्तक उघडाचं, अन् मोठ्यानं वाचता वाचता मधातच ओरडाचं, "अरे बैला! दार उघडू नको ना! मागच्या पानावर म्हातारी तुले सांगून गेली ना, लेका!"

नालवाडीत नवीन राह्यले येणारा माणूस पहिल्या दिवशी घाबरते. त्याले वाटते घरात मारामारी चालू हाये. एक जण तं काठी घेऊन आलता. पाह्यते तं काय, सत्तरी उलटलेला एकटा माणूस, अंगात बनियन, कानावर लाल पेन, हातात लहान पोराचं पुस्तक.

पुस्तक म्हणजे 'दिलेर दौलत'. एक नाई, बारा भाग. बाबूचं लहानपण सिंदीचं. बापाचं तिथं कापडाचं दुकान होतं. बाप माल आणाले नागपूरले गेला का येताना पोरासाठी एक भाग आणे. दौलत नावाचा पोरगा, त्याची बिजली नावाची घोडी, अन् दोघं मिळून दरोडेखोर पकडतात, खजिना काढतात. दर भागात एक भुयार हायेच. एवढी भुयारं खरंच असती तं आपल्या इकडे एकही घर उभं राह्यलं नसतं.

सिंदीचं घर विकलं तवा पुतण्यानं माळ्यावरचं सामान भंगारात काढलं. बाबू मधात पडले अन् एक पोतं ऑटोत घालून घेऊन आले. मी म्हटलं, "बाबू, सोनं हाये का?"

"सोन्याच्या वर हाये, गुलाबराव," ते म्हणाले.

पोतं उघडलं तं ही पुस्तकं. उंदरानं कोपरे खाल्लेले. उंदरालेही आतलं वाचवलं नसन.

मी तिसरी शिकलो. जन्म डाळ मिलमध्ये पोते उचलण्यात गेला. अक्षर लागते मले, पण बोट ठेवून. बुढीले तेही येत नव्हतं. बुढी म्हणजे माही बायको. मेली ती, मागच्या पोळ्याच्या आधी. हे आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याले पुढं धक्का नको. मले बसला तेवढा पुरे हाये.

तं बाबू. जन्मभर सरकारी कचेरीत फायली तपासल्या त्या माणसानं. ते डोळे रिटायर होत नाईत. लहानपणी जे पुस्तक उशाखाली घेऊन झोपे, त्याचीच आता तपासणी सुरू केली.

"गुलाबराव, हे पाहा. याचा कंदील नदीत पडला. खलास. अन् दोन पानांनी तोच कंदील घेऊन भुयारात! सबब, कंदील कुठून आला याचा खुलासा व्हावा."

लगेच कानावरचं पेन निघे अन् पानाच्या बाजूले लाल अक्षरात 'खुलासा व्हावा' पडे. कधी म्हणत, "भुयारात शिराची परवानगी याले देल्ली कोणी?" कधी म्हणत, "शुक्रवारी निघाला, तीन रात्री चालला अन् पोचला शनिवारी! टीए बिल नामंजूर!"

'सबब' अन् 'नामंजूर', या दोन शब्दांवर त्यांचं सगळं चाले. भाजीवाला वांगी घेऊन आला अन् वांगी किडकी निघाली, तं तेही "नामंजूर". लग्नाचं कधी विचारलं तं म्हणत, "अर्ज केला होता. नामंजूर झाला."

एक दिवस मी म्हटलं, "हे खुलासे तुमी मांगता कोणाले? लिहिणारा तं कवाचाच मेला असन."

बाबूनं चष्मा काढला, बनियनले पुसला. म्हणाले, "लहानपणी मले यातली एक चूक दिसली नव्हती, गुलाबराव. एक नाई. केवढं चांगलं पुस्तक होतं हो."

"मंग आता काऊन वाचता?"

"तेच पाह्यतो, ते चांगलं गेलं कुठं."

आता भिंतीचं सांगतो. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत. अलीकडे निंब, निंबाखाली बुढीची बाज. दुखणं लागलं तवापासून चार वाजले का तिले उचलून तिथं नेऊन निजवाचं, हे माहं काम. म्हणे, "तिथं हवा लागते." हवा कायची, कान सगळे भिंतीपलीकडे. पहिल्यांदा नुसती आइके. मंग बोलाले लागली.

"भाऊजी, आज घोडी उपाशीच हाये का? दौलतनं दोनदा भाकर खाल्ली, तिले काई देल्लं नाई."

बाबू पानात पाहत, घसा खाकरत. "देल्लं, वहिनी. हरबरा देल्ला."

"भिजवून?"

"भिजवून."

तिसऱ्या भागात बिजली दरीत पडली अन् एका पायानं लंगडी झाली, तवापासून तं बुढीचा सगळा जीव तिच्यातच. बुढीचे गुडघे गेलेले. "माह्यासारखीच हाये बिचारी," म्हणे. "लंगडते, पण काम सोडत नाई." अन् मंग माह्याकडे पाहून, "दौलत तरी तिले मानेवर थोपटते."

मी कायले थोपटतो? पण त्या दिवशी तिले आत नेताना पाठीवरून हात फिरवला. "राहू द्या," म्हणाली, "गुदगुल्या होतात."

पुढं मात्र त्या घोडीनं कहर केला. पाचव्या भागात दौलत होडीत बसून नदी पार करते, तं घोडीही होडीत. सातव्यात राजाकडे पंगत, तं घोडी पंगतीले, तिच्यापुढं पत्रावळ. नवव्या भागात दुष्मनानं दौलतले उंच बुरुजावर नेऊन कोंडलं, तं घोडी पायऱ्या चढून वर! लंगडी घोडी! अन् जिना गोल!

मले राहवलं नाई. भिंतीवरून ओरडलो, "बाबू, एका कंदिलाचा खुलासा मांगता, अन् घोडी जिना चढते ते तुमाले चालते?"

एवढ्या चुका काढणारा माणूस, पण कानावरचं पेन कानावरच. कान मात्र लाल झाले. "घोडी हुशार हाये," एवढंच म्हणाले.

बुढी बाजेवरून माह्यावर खेकसली, "तुमाले काय समजते? चढली असन हळूहळू. वाचा हो भाऊजी, तुमी यांच्याकडे ध्यान देऊ नका."

तवा तिच्यात खेकसाचा दम होता. मंग तोही गेला. मोठ्या दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. घरी न्या म्हणजे काय, ते अडाण्यालेही समजते. घरी आणलं. पण चार वाजता तिले बाजेवर नेणं मी सोडलं नाई. तिचं वजन राह्यलंच नव्हतं. जन्मभर पोते उचलले मी, एवढं हलकं वझं कधी उचललं नव्हतं, अन् एवढं जडही नाई.

तिचं एकच विचारणं. "शेवटी घोडी घरी जाते ना हो?"

"मले काय माहीत? बाबूले विचार."

बाबू भिंतीपलीकडून म्हणत, "वाचू ना, वहिनी. अजून भाग हायेत. घाई कायची?"

एक दिवस मले म्हणे, "भिंतीपाशी बादलीभर पाणी ठेवा."

"कोणासाठी?"

"एवढ्या पायऱ्या चढून आली ती. तहान लागली असन."

तिचं डोकं मधामधात भरकटे तवा. मी बादली ठेवली. बुरुजावरून दौलत सुटाच्या आधीच बुढी गेली.

पोरगी आलती, तेरवी करून सासरी गेली. घरात मी अन् पंखा. पंखा कुरकुरते, मी तेही करत नाई. सकाळ कशीबशी जाते. पण चार वाजले का माहे हात रिकामे होतात. उचलाले काई नाई. बाज तिथंच, बादली तिथंच, अन् भिंतीपलीकडून आवाजच नाई. बाबूनं वाचणं बंद केलं होतं. खुर्चीत बसत, पुस्तक मांडीवर, पण मिटलेलं.

मी चार-आठ दिवस वाट पाह्यली. मंग म्हटलं, "बाबू, वाचा ना."

"घसा बसला."

दुसऱ्या वेळी चष्म्याचा नंबर वाढला. तिसऱ्या वेळी, "सबब, सध्या वाचन तहकूब हाये."

माहं डोकं सरकलं. सरळ म्हणालो, "मले गंमत म्हणून नाई आइकाचं. बुढी विचारत विचारत गेली, घोडी घरी जाते का नाई. उद्या वर गेलो अन् तिनं तेच विचारलं, तं मी काय सांगू? बाबूचा घसा बसलता म्हणून?"

बाबू उठले, आत गेले अन् दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत माह्या तोंडावर त्यांनी कधी दार लावलं नव्हतं.

मंग ते नाचणगावले नात्यातल्या लग्नाले गेले. चावी माह्याकडेच. तुळशीले पाणी टाकजा म्हणाले. तुळशीले पाणी टाकलं अन् पोतं ओढलं. म्हटलं, आपणच वाचू. किती का वेळ लागो, वेळेले काय तोटा हाये आपल्याले?

नवव्यापासून वाचाचं होतं, पण हात गेला तिसऱ्यावर. ज्या दरीपासून बुढीचा जीव घोडीत अडकला, ती त्यात होती. बोट ठेवून वाचली. मंग चौथा घेतला.

चौथ्या भागाच्या शेवटी बिजली मरते.

बोट मागं नेलं. पुन्हा वाचलं. तेच. नदीकाठी पडते, उठत नाई. दौलत खड्डा खोदते, तिच्यावर माती टाकते अन् पायी निघून जाते.

पाचवा काढला. होडी हाये, घोडी नाई. सातवा काढला. पंगतीत माणसंच माणसं. नवव्यात बुरूज हाये, गोल जिना हाये, अन् वर दौलत एकटा. कुठं हरबरा नाई, भिजवलेला नाई का सुका नाई. सगळ्या पुस्तकांत लाल शाई, 'खुलासा व्हावा', 'खुलासा व्हावा'. फक्त ती जिथं मेली त्या पानावर लाल शाईचा टिपका नाई.

बाबू परत आले तवा मी भिंतीशीच उभा होतो. त्यांच्या हातातली थैलीही खाली ठेवू देल्ली नाई.

"घोडी चौथ्या भागातच मेली."

"हो."

"तुमी तिले नवव्यापर्यंत जिती ठेवली."

"हो."

पायरीवर बसले. लग्नातला गुलाल कपाळाले तसाच. म्हणाले, "लहानपणी मी तिथपर्यंतच वाचलं होतं, गुलाबराव. पुढं वाचलंच नाई. बाप नवीन भाग आणे, मी 'लय मस्त हाये' म्हणे अन् तसाच पेटीत टाके. म्हातारपणी म्हटलं, आता काय, घोडीच तं हाये, आता वाचता येईन. अन् ते पान नेमकं त्याच दिवशी आलं, ज्या दिवशी तुमी दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलते. वहिनीले काई सांगितलं नव्हतं तुमी. त्या बाजेवरून म्हणाल्या, 'भाऊजी, लंगडी हाये, पण जगन ना ती?'"

मी त्यांच्या हातातली थैली घेतली अन् खाली ठेवली.

"कचेरीत जन्मभर मी कोणाच्या कागदाचा काना-मात्रा बदलला नाई. लोकं हातापाया पडले, तरी नाई. त्या दिवशी पहिल्यांदा समोर लिहिलेलं एक अन् वाचलं दुसरं."

"काय वाचलं?"

"ते मरण नामंजूर केलं."

मी विचारलं, "अन् जिना?"

"मंग काय करू? होडीत नेली, पंगतीत बसवली, आता बुरुजाखाली एकटी सोडली असती तं वहिनी विचारल्या नसत्या? सकाळपासून तोच घोर राहे मले, आज हिले उभी कुठं करू, खाऊ काय घालू." हसले जरासे. "बायको ना पोरं, अन् घोडीचा संसार गळ्यात पडला. पण चार वाजाची वाट पाहो मी. माहं बोलणं कधी कोणी बसून आइकलंच नव्हतं, गुलाबराव."

मी नववा भाग आणून त्यांच्या मांडीवर टाकला. "वाचा."

"यात ती नाई."

"माहीत हाये मले. जसं लिहिलं हाये तसं वाचा."

चार वाजून गेलते. मी निंबाखाली बाजेवर बसलो. बुढी गेल्यावर त्या बाजेवर पहिल्यांदाच बसलो. बाबू वाचाले लागले. आवाजात ओरडणं नाई, भांडण नाई. तहसीलातली नोटीस वाचावी तसं. बुरुजाचं कुलूप तुटलं. याले चावी कुठं भेटली ते लिहिलंच नव्हतं, तरी बाबूनं खुलासा मांगितला नाई. दौलत पायऱ्या उतरला. दरवाज्याबाहेर आला. पुढं उजाड माळ. दौलत पायी निघाला. चालून राह्यला, चालून राह्यला. पान पलटलं, तरी चालूनच राह्यला.

"पायी काऊन चालते तो?" मी म्हणालो.

बाबू थांबले.

"घोडी कुठं हाये?"

त्यांनी पानात पाह्यलं. मंग चष्म्यावरून भिंतीपाशी ठेवलेल्या बादलीकडे पाह्यलं. घसा खाकरला.

"मागं हाये," ते म्हणाले. "लंगडते ना ती. तिले पोचाले वेळ लागन."

"लागू द्या," मी म्हणालो. "आपल्याले कुठं जाचं हाये."