नवाबाच्या अंगावरचा नॉइज

फोटोग्राफर फारूकचं एक वाक्य उदगिरात पाठ होतं. "अंधार कितीबी असू द्या, आपण फोटो रॉमधी, म्हंजी कच्चा, काढतो. मागून सगळं धुऊन निघतंय." आणि खरंच निघायचं! लग्नाच्या अल्बममधून त्यानं नवऱ्या मुलींच्या मुरमांची पिढ्यानपिढ्यांची वासलात लावली होती. एकदा तर रुसलेल्या मामाच्या कपाळावरच्या आठ्याही पुसल्या होत्या.

म्हणून आप्पासाहेबांनी आपल्या देवणी वळूचा, नवाबाचा, फोटो काढायला त्यालाच बोलावलं. पशुप्रदर्शनाच्या अर्जाला फोटो हवा होता आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. पण फारूकची फ्लॅशवर लावायची पांढरी छत्री बघून नवाब असा बिथरला की गोठ्याबाहेर पाऊल टाकीना. फ्लॅशचं तर नावच नको! शेवटी गोठ्याच्या अंधारातच, शेजारी फेटा बांधलेले आप्पासाहेब उभे करून, फारूकनं अंधारातही उजेड ओढणारा कॅमेऱ्याचा आयएसओ चढवला आणि बटण दाबलं.

दुकानात येऊन फोटो उघडला तर त्यावर कुणी रवा सांडल्यासारखे दाणेच दाणे. यालाच धंद्यात नॉइज म्हणतात. फारूक गालात हसला आणि नॉइज कमी करायची पट्टी थेट शंभरावर नेली. दाणे गायब! नवाब लोण्यासारखा मऊ झाला. आप्पासाहेबही झाले. साठीचा माणूस चाळिशीत आला.

फक्त नवाबाच्या पोटाखाली आणि पायांवर काही काळे ठिपके हटेनात. फारूक जन्माचा शहरी, त्यात लग्नांचा फोटोग्राफर. जाडा नॉइज असेल, नाहीतर शेणाचे शिंतोडे, असं त्यानं ठरवलं आणि दीड तास माऊस चालवून एकेक ठिपका पुसला. अर्ज भरला, आणि हौसेनं दहा फुटी फ्लेक्सही छापून प्रदर्शनाच्या दारात लावला.

प्रदर्शनात परीक्षक डॉक्टर उमाशंकरांनी एकदा अर्जाकडे पाहिलं, एकदा नवाबाकडे, मग वाकून पोटाखाली. अर्जात दुसरंच जनावर आहे, ही नोंद रद्द, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. दोन वर्षं आप्पासाहेबांनी नवाबाला स्वतःच्या हातानं खुराक चारला होता. त्यांचा चेहरा बघवेना.

"फारूकभाई, माझ्या नवाबाचे जन्माचे ठिपके कुठं गेले?"

"मी... धुतले," फारूक म्हणाला. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. फारूक पळत जाऊन लॅपटॉप घेऊन आला आणि नवाबासमोरच्या गव्हाणीवर ठेवला. रॉचा गुण असा, की वर कितीही रंगरंगोटी करा, मूळ फोटो खाली शाबूत असतो. घामाघूम होऊन त्यानं सगळं मागे फिरवायला सुरुवात केली. एक ठिपका आला, दुसरा आला, भोवतीची गर्दी मोठ्यानं मोजू लागली! डॉक्टर लॅपटॉप घेऊन नवाबाच्या पोटाखाली शिरले आणि ठिपक्याला ठिपका लावून बाहेर आले. नोंद मंजूर झाली.

पण पट्टी शून्यावर आली तशा आप्पासाहेबांच्या सुरकुत्याही आल्या, डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या, नाकावरची चामखीळही आली. त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, पडद्यावरचा नवरा पाहिला, फ्लेक्सवरचा पाहिला, समोरचा पाहिला, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

नवाबाचा दुसरा नंबर आला. संध्याकाळी फारूक मान खाली घालून फ्लेक्स उतरवू लागला. चूक माझी, दुसरा फुकट छापून देतो, सगळं होतं तसं परत आणतो, असं म्हणाला.

बायको जवळपास नाही याची आप्पासाहेबांनी खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"नवाबाचे ठिपके सगळे आण. माझं काईच आणू नको."